थांबायला माणूस लागतं

पहाटे ५.३०

रात्रपाळीच्या मावशी चार्ज देताना आधी झोपेचं सांगतात, मग फिटचं, मग पोटाचं. "बयोआजी दोनला उठल्या, पाणी पिऊन परत पडल्या. मास्तरांना चारला फिट आली, दीड मिनिटाची, घड्याळ लावून बघितली. रेडिओदादाचं पोट आज चौथा दिवस साफ नाही." मी सगळं वहीत उतरवते, खाली त्यांची सही घेते, माझी करते. बाहेरच्याला हे बोलणं ऐकून चहा गोड लागायचा नाही. आमचा पुढचा अख्खा दिवस मात्र याच बोलण्यावर ठरतो.

तालुक्याच्या गावाबाहेरची ही निवासी संस्था. बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता असलेले ३४ प्रौढ इथे राहतात, २० पुरुष आणि १४ बायका. धाकटा १९ वर्षांचा, बयोआजी ६१ च्या. मी इथली अधीक्षिका. नावं खरी लिहिलेली नाहीत, टोपणनावंही बदलली आहेत. नाव छापू का, असं विचारलं तर समजून-उमजून हो किंवा नाही म्हणू शकतील असे इथे मोजकेच आहेत आणि बाकीच्यांच्या वतीने हो म्हणायचा अधिकार मला कोणी दिलेला नाही.

सकाळी ६

अंघोळी. सकाळच्या पाळीला पाच माणसं. एक जण ओल्या चादरी बघतो, एक नाश्त्याला हात लावतो. उरले तीन. तिघांचे दोन तास म्हणजे ३६० मिनिटं. ३४ पैकी मदत लागते २४ जणांना. माणशी १५ मिनिटं झाली. त्यात उठवायचं, संडासला न्यायचं, दात, दाढी, अंघोळ, अंग पुसणं, कपडे.

आता रेडिओदादाचं बघा. वय ३८, बोलणं चार-सहा शब्दांचं, ट्रान्झिस्टर सतत हातात. त्याला शर्टाची बटणं स्वतः लावायची असतात. एका बटणाला मिनिटभर, कधी सव्वा मिनिट. शर्टाला सहा बटणं. मावशींनी लावली तर सगळी मिळून अर्ध्या मिनिटात. म्हणजे त्याच्या वाट्याच्या पंधरा मिनिटांतली निम्मी बटणांवर जातात आणि ती दुसऱ्या कोणाच्या तरी अंघोळीतून कापून काढावी लागतात. वार्षिक अहवालात या गोष्टीला आम्ही 'दैनंदिन कौशल्यांचे प्रशिक्षण' असं भारदस्त नाव देतो. प्रत्यक्षात ते सात मिनिटं हात मागे बांधून उभं राहणं असतं. त्याच्या बटणाला आपला हात लावायचा नाही, "चल आटप" म्हणायचं नाही आणि मागे तिघं उघड्याने रांगेत आहेत हेही विसरायचं नाही.

निवासी संस्थेचा दर्जा काय, असं मला कोणी विचारलं तर मी हेच सांगते. थांबायला माणूस आहे की नाही? इमारत, बाग, भिंतीवरची वारली चित्रं, हे सगळं नंतर. जिथे थांबायला माणूस नसतं तिथे बटणं मावशी लावतात, वर्षभरात बोटं ते काम विसरतात आणि पुढच्या तपासणीत त्याच्या नावापुढे 'पूर्णतः परावलंबी' असा शेरा येतो. आजाराने झालेलं आणि आम्ही केलेलं, दोन्हीला एकच शेरा.

धाकटा स्वमग्न आहे. डोक्यावर अचानक पाणी पडलं की किंचाळतो. त्याला आधी रिकामा तांब्या दाखवायचा, मग पायावर पाणी, मग गुडघे, मग खांदे, डोकं सर्वांत शेवटी आणि तेही त्याने स्वतः. तांब्या निळाच. आधीच्या ठिकाणी त्याला दोघांनी धरून अंघोळ घालत असत. त्याच्या फाइलवर 'आक्रमक' लिहून आलं होतं. इथे तो कोणाला चावलेला नाही. निळा तांब्या फुटला त्या दिवशी मात्र चांगलीच धावपळ झाली. तेव्हापासून कोठीत दोन जादा ठेवलेत.

टॉवेलबद्दल एक सांगायचं राहिलं. कोणत्याही संस्थेत गेलात तर दांडीवरच्या एका टॉवेलला हात लावून विचारा, हा कोणाचा? नाव सांगता आलं तर बरं आहे. "सगळ्यांचेच" असं उत्तर आलं तर पुढचं काही विचारायची गरज नाही. आमच्याकडे प्रत्येकाच्या कपड्यांवर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची खूण असते आणि प्रत्येकाचा एक कप्पा. भादव्यात कपडे वाळत नाहीत, तेव्हा ही व्यवस्था दर चार दिवसांनी कोसळते आणि दर चार दिवसांनी आम्ही ती परत उभी करतो.

सकाळी ७.४५

बायकांच्या बाजूला भिंतीवर एक कॅलेंडर आहे, त्यावर पाळीच्या तारखांचे लाल ठिपके. न्हाणीघराच्या दाराला पाच चित्रं अडकवली आहेत. पॅड उघडणं, लावणं, काढणं, कागदात गुंडाळणं, हात धुणं. १४ जणींपैकी आठ जणींची पाळी चालू आहे. त्यातल्या पाच जणींना ती चित्रं बघून जमतं, तिघींना नाही. त्या तिघींना मावशी मदत करतात.

हे इतकं सरळ लिहिण्याला कारण आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या शासनमान्य संस्थेतल्या मतिमंद मुली-बायकांना पुण्याच्या ससून रुग्णालयात नेऊन त्यांची गर्भाशयं काढण्यात आली. कारण काय, तर त्यांना पाळीची स्वच्छता राखता येत नाही. स्त्री संघटना आणि आरोग्य चळवळीतली मंडळी रस्त्यावर आली तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. तेव्हा बाजू घेणारेही पुष्कळ होते आणि त्यात सगळे दुष्ट नव्हते. मनुष्यबळ नाही, करायचं कोणी, हा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न खरा होता, पण माणसं नेमायची सोडून त्याला सुरीचं उत्तर दिलं गेलं. आजही मुलीला दाखल करताना एखादी आई दबक्या आवाजात विचारते, "ताई, ते ऑपरेशन करून घेतलं तर तुम्ही घ्याल ना हिला?" मी त्यांना ते कॅलेंडर दाखवते.

सकाळी ८.३०

नाश्ता आणि गोळ्या. प्रत्येकाच्या गोळ्यांच्या डब्यावर त्याचा फोटो. एक जण डबा उघडतो, दुसरा तक्त्याशी ताडून बघतो, गोळी गिळली का ते तोंड उघडून बघतो, मग सही. निम्म्याहून जास्त जणांना फिटच्या गोळ्या आहेत. नव्या मामांना पहिल्या आठवड्यात एवढंच शिकवते की फिट आली तर कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवायचं. चप्पल हुंगवायची नाही, कांदा फोडायचा नाही, दातात चमचा घालायचा नाही. पाच मिनिटं उलटली तर नाकात मिडाझोलामचा फवारा आणि गाडी. चपलेचं मात्र हटकून कोणीतरी काढतोच.

उपमा अर्धा झाला असताना रेडिओदादा डाव्या हाताने कान बडवायला लागला. ताड ताड. ट्रान्झिस्टर खाली पडला. शेजारचे दोघं ताटं सोडून उठले. नवे मामा म्हणाले, "मॅडम, परवाही असंच केलं यांनी. डॉक्टरांना सांगून डोस वाढवून घ्या ना."

हे वाक्य ते बोलले म्हणून त्यांच्यावर रागवायचं कारण नाही. जगभर असंच चालतं. २०१५ मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने अंदाज काढला होता. तिथे बौद्धिक अक्षमता असलेली ३० ते ३५ हजार प्रौढ माणसं मनोविकाराची किंवा नैराश्याची औषधं घेत होती आणि ती देण्यासारखं निदान त्यांच्या कागदावर नव्हतं. पुढच्याच वर्षी ही औषधं कमी करण्याची मोहीम तिथे सुरू झाली. आपल्याकडे तसा हिशेब मांडलेला माझ्या पाहण्यात नाही, पण दाखल व्हायला येणाऱ्यांच्या पिशवीत यातल्याच एका औषधाची, रिस्पेरिडोनची, पाकिटं मला नेहमी सापडतात. "कधीपासून?" "लहानपणापासून." "कशासाठी?" "शांत राहावा म्हणून." माणूस शांत होतो, हे खरंच. वजन वाढतं, तोंडातून लाळ गळते, दिवसभर पेंगतो आणि कुठे दुखतंय ते सांगायचा त्याचा एकुलता एक मार्ग बंद होतो.

आमचा क्रम ठरलेला आहे. आधी पोट, मग कान, मग दात, मग दिनक्रमात काय बदललं ते. डॉक्टरांना डोसबद्दल विचारायचं ते याच्यानंतर. कानात बॅटरी मारली, मळ नाही, लाली नाही. हिरड्या बोटाने दाबून बघितल्या, कुठे दचकला नाही. पोटाला हात लावला तर डावी बाजू टणक. वही उघडली. चार दिवस शौच नाही. जेवणाच्या रकान्यात खीर, वडे, पुऱ्या, परत खीर, कारण पितृपक्ष चालू आहे. फिरण्याच्या रकान्यात चार दिवस फुली, कारण पाऊस आणि एक मामा रजेवर. ज्याला "पोट दुखतंय" म्हणता येत नाही तो कान बडवतो. लॅक्टुलोज दिलं, कोमट पाणी दिलं, डॉक्टरांना फोनवर कळवलं. रिस्पेरिडोन आहे तेवढंच.

सकाळी १०.३०

कार्यशाळा. दिवाळीच्या पणत्या रंगवायचं काम आलंय. मास्तर फिटनंतर सुस्त आहेत, त्यांना उठवलेलं नाही. तक्त्यावर 'अनुपस्थित' असं लिहावं लागतं, त्याला इलाज नाही.

छोटीताईकडे मात्र माझं लक्ष आहे. वय ४४, डाऊन सिंड्रोम. पणतीच्या काठावर एकसारखे ठिपके काढावेत तर तिनेच. गेले दोन-तीन महिने ती ब्रश रंगात बुडवते आणि मग ब्रशकडे बघत बसते. संडासचा रस्ता एकदा चुकली. कार्यशाळेच्या ताई म्हणाल्या, "हल्ली आळस करते." मला तसं वाटत नाही. डाऊनमध्ये एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्तीची असते आणि अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाचं जनुकही त्याच गुणसूत्रावर आहे. त्यामुळे या माणसांना विस्मरण चाळिशी-पन्नाशीतच गाठतं. पूर्वी ती सहसा चाळिशीपर्यंत जगतच नसत, त्यामुळे संस्थांना हे बघायची वेळ आली नव्हती. थायरॉइड आधी तपासायला हवं, तेही डाऊनमध्ये वारंवार बिघडतं आणि त्यानेही माणूस असाच मंदावतो. तपासणीची चिठ्ठी लिहिली. पणतीवर ती आज एक ठिपका काढते की पन्नास, हा मुद्दा नाही, असं ताईंना सांगितलं. त्यांना पटलं नाही, कारण ऑर्डर त्यांना पुरी करायची आहे.

११ वाजता स्वयंपाकघरात खोबऱ्याचं वाटण निघतं. मिक्सर लावण्याआधी आचारीण बाई बाहेर येऊन धाकट्याला मिक्सरचं चित्र दाखवतात, तो कानावर हेडफोन चढवतो आणि हात वर करतो. मग मिक्सर. त्याच्याकडे अशा चित्रांची पट्टी आहे. चित्र काढून समोरच्याच्या हातात दिलं की मागणी झाली. १९८५ मध्ये अमेरिकेत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी ही पद्धत बसवली. आमच्याकडची चित्रं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काढून प्लॅस्टिकमध्ये घातलेली. आचारीण बाई चौथी शिकलेल्या आहेत. त्यांना कोणी प्रशिक्षणाला पाठवलं नव्हतं, एकदा बघितलं आणि सुरू केलं.

दुपारी १२.३०

आज दोन घरची जेवणं आहेत. पितृपक्षात आमच्या दारी गाड्यांची रांग लागते आणि पौष महिन्यात फोन करून डाळ मागावी लागते. पहिलं कुटुंब गावातलं, वडिलांची तिथी. वडे, खीर, आमटी, भात, भोपळ्याची भाजी, मोठ्या प्रेमाने केलेलं. घरातल्या सूनबाई वाढायला स्वतः उभ्या राहिल्या. बयोआजींच्या तोंडात दात नाहीत, गिळतानाही ठसका लागतो, त्यांना सगळं गुरगुट्या भातासारखं करून चमच्याने, बसवून, हळूहळू भरवावं लागतं. आमच्या लोकांमध्ये घास श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया हे मरणाचं मोठं कारण असतं. एक घास, गिळेपर्यंत वाट, मग दुसरा. आजींच्या जेवणाला ४० मिनिटं लागतात. सूनबाईंनी वड्याचा तुकडा आजींच्या ओठांपर्यंत नेला होता. मावशींनी हात धरला.

त्या दुखावल्या. मी त्यांना आजींशेजारी बसवलं, चमचा हातात दिला, घास केवढा घ्यायचा ते दाखवलं. दहा मिनिटं त्यांनी भरवलं आणि छान भरवलं. दरवर्षी पाठवलेल्या खिरीपेक्षा त्या दहा मिनिटांचा आम्हाला जास्त उपयोग झाला, पण हे मी त्यांना सांगितलं नाही, अजून अन्न गाडीत होतं.

दुसरं कुटुंब वाढदिवसाचं. केक, फुगे, आणि "सगळ्यांना एका रांगेत बसवा ना, फोटो काढू." मी नाही म्हटलं. केक कापा, गाणं म्हणा, ज्यांना यायचं ते येतील. चेहऱ्यांचे फोटो नाहीत. यजमान चिडले. "आम्ही काय चोर आहोत का? चांगलं काम लोकांपर्यंत जायला नको?" मी विचारलं, "तुमच्या घरी मी जेवण घेऊन आले आणि तुमच्या आईचा जेवतानाचा फोटो स्टेटसला लावला, तर?" ते काही बोलले नाहीत, केक ठेवून गेले. एक फुगा फुटला तेव्हा धाकटा कॉटखाली गेला आणि पाऊण तास बाहेर आला नाही. त्याच्याजवळ एक मामा जमिनीवर बसून राहिले, न बोलता. म्हणजे पंगतीतला एक माणूस कमी.

दोनच्या आत खजिनदार काकांचा फोन आला. "ताई, दाता दुखावता कामा नये हो." शासनाच्या अनुदानावर ३४ जणांचं पोट आणि पगार निघत नाहीत, ते कमी पडतं आणि उशिरा येतं. त्यामुळे काकांचंही खोटं नाही. पण त्यांनी बयोआजींचा ठसका बघितलेला नाही.

दुपारी २.३०

कागद. पुढच्या आठवड्यात तपासणी आहे, तसं कळवलंय. कळवून येणाऱ्या तपासणीला काय दिसतं? अग्निशामक नळकांडं, त्याची तारीख, खाटांची संख्या, वजनाची नोंद, ३० रजिस्टरं. हे निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. २०१० मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या कवडासच्या बालगृहातल्या मतिमंद मुलांच्या मृत्यूंच्या बातम्या छापून आल्या, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि राज्यातल्या अशा गृहांची झाडाझडती सुरू झाली. तिथे वजनाचं रजिस्टर कोणी खरोखर वाचलं असतं तर किती फरक पडला असता! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे अशा संस्थेला नोंदणी सक्तीची आहे. पण नोंदणी म्हणजे दर्जा नव्हे. तपासनिसाने सकाळी सव्वासहाला न सांगता यावं, न्हाणीघराबाहेर अर्धा तास उभं राहावं आणि मग एकच विचारावं, इथे शेवटचं 'नको' कोण म्हणालं आणि त्यावर तुम्ही काय केलंत? या प्रश्नाला आमच्याकडे रजिस्टर नाही. एक सुरू करावं असं मनात आहे. पण रजिस्टर झालं की तेही संध्याकाळी एकदम बसून भरलं जाईल, ही भीती आहेच.

दुपारी ४

पाऊस उघडला, आठ जणांना घेऊन फिरायला. रेडिओदादा पुढे. किराणा दुकानापर्यंत जायचं, प्रत्येकाने स्वतःच्या पैशाने काहीतरी घ्यायचं. मास्तर पारलेचा पुडा घेतात आणि सुटे मोजून देतात. दुकानदार घाई करत नाही. सुरुवातीला तो माझ्याकडे बघून विचारायचा, "याला काय द्यायचं?" आता मास्तरांना विचारतो. हा बदल व्हायला दोन पावसाळे गेले.

दिव्यांग हक्क कायद्यात पाचवं कलम आहे की दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती तिच्यावर करता येणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या करारातही तेच आहे, भारताने तो २००७ मध्ये मान्य केला. नॉर्वेने १९९१ पासून मोठ्या संस्था बंद करून माणसांना गावातल्या घरांत राहायला पाठवलं. मग आमची संस्था असावी का? मला वाटतं, एका छपराखाली ३४ फार होतात. सहा-सहा जणांची घरं, गावातच, शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत लावून, हे मला आवडेल. राष्ट्रीय न्यासाची 'घरौंदा' योजनाही प्रौढांच्या सामूहिक घरांसाठीच सुरू झाली. पण सहाजणांच्या घरालाही दिवसरात्र मिळून पाच-सहा माणसं लागतात. माणसं न देता नुसती घरं लहान केली तर कोंडवाडे लहान होतील, एवढंच.

संध्याकाळी ५.३०

एक वडील भेटायला आले होते. वय ७८, मुलगा ४५ चा. आई दोन वर्षांपूर्वी गेली. आत्तापर्यंत घरीच सांभाळला, आता स्वतःचे गुडघे चालत नाहीत. सगळी इमारत बघितली, काही बोलले नाहीत. पालकांच्या पोटातला 'आमच्या माघारी याचं काय' हा प्रश्न किती जुना आहे! बदलापूरची 'आधार' त्यातूनच पालकांनी स्वतः उभी केली. जाताना चपला घालता घालता त्यांनी विचारलं, "मारत तर नाहीत ना हो इथे?"

मी "छे छे" म्हणाले नाही. प्रत्येक ठिकाणी तेच म्हणतात. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ विंटरबोर्न व्ह्यू नावाचं रुग्णालय होतं, नोंदणीकृत, तपासलेलं, महागडं. २०११ मध्ये बीबीसीच्या छुप्या कॅमेऱ्याने तिथले कर्मचारी रुग्णांना मारताना, जमिनीवर दाबून धरताना टिपले. ११ जणांना शिक्षा झाली. त्याच्या आधी तिथल्या एका वरिष्ठ परिचारकाने लेखी कळवलं होतं आणि कोणी हललं नव्हतं. हे ऐकून लोक लगेच म्हणतात, सीसीटीव्ही लावा. व्हरांड्यात लावलेत. न्हाणीघरात लावणार का? आणि मार बहुतेक वेळा तिथेच बसतो, सकाळी साडेसहाला, २४ जणांना तिघं अंघोळ घालत असताना.

त्यांना सांगितलं, "बाबा, कधीही या, फोन न करता या. सकाळी अंघोळीच्या वेळी या. अंगावर वळ दिसला तर मला विचारा, आणि मी उत्तर दिलं नाही तर जिल्हाधिकाऱ्यांकडे जा." पालकत्वाचे कागद जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून, १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली करून घ्यावे लागतील, तेही समजावलं. मुलाला काय आवडतं, विचारलं. एवढा वेळ एका शब्दात उत्तरं देणारे बाबा वीस मिनिटं बोलत होते. भात वरणाला लागलेला चालत नाही, मधे भिंत करावी लागते. विजा चमकल्या की डाव्या कुशीवर. मी लिहून घेतलं. जागा आत्ता नाही, मार्चपर्यंत होईल.

संध्याकाळी ६.४०

रेडिओदादाचं पोट साफ झालं. कान बडवणं थांबलं. नोंद केली, वेळ घातली, नव्या मामांना वही दाखवली. ते म्हणाले, "म्हणजे गोळीची गरजच नव्हती." आजच्यापुरती नव्हती.

उद्याच्या दोन्ही घरांना फोन केला. खीर थोडी आणा, त्याबरोबर पडवळ, दुधी, काकडी काहीही आणा. एक घर हो म्हणालं. दुसरीकडच्या बाईंनी विचारलं, "श्राद्धाला काकडी?"

रात्री ९

जेवणं, गोळ्या, अंथरुणं. रात्रपाळीला दोन माणसं, एक बायकांकडे, एक पुरुषांकडे. खोल्यांना बाहेरून कडी नाही. मुख्य दाराला कुलूप आहे आणि दोघांच्या कमरेला त्याची एकेक किल्ली. ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांच्या झोपडीला पहाटे आग लागली, साखळीला बांधलेले २८ जण गेले. तिथली माणसं मनोरुग्ण होती, इथली नाहीत, पण रात्री माणूस कमी पडला की कडी आणि साखळी तेच काम करायला लागतात. महिन्यातून एकदा आम्ही रात्री घंटा वाजवून सगळ्यांना अंगणात काढतो. धाकट्याला त्याचं चित्र चार दिवस आधीपासून दाखवावं लागतं.

चार्ज देऊन झाल्यावर एक मावशी थांबून राहिल्या. दुपारी बयोआजींच्या ओठापाशी सूनबाईंचा हात धरला त्याच. म्हणाल्या, "ताई, दिवाळीनंतर मी येत नाही. एमआयडीसीत पॅकिंगला लावतायत. तीन हजार जास्त देतात आणि कोणाचं धुवावं लागत नाही." त्यांच्या ओळखीची अजून एक आमचीच मावशी त्याच विचारात आहे. मी थांबा म्हणाले, पण कशाच्या जोरावर म्हणाले, हे मलाच माहीत नव्हतं.

खजिनदार काकांना फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "दुपारच्या त्या वाढदिवसवाल्यांना मी समजावलं बरं का. मोठा माणूस आहे. आरओचा वॉटर कूलर देतोय, साठ हजारांचा. नावाची पाटी फक्त लावायची."

मी म्हटलं, "काका, साठ हजारांत दोन मावशींना तीन-तीन हजार वाढ दिली तर दहा महिने निघतात."

"अहो, पण पगारावर पाटी कुठे लावणार?"

"न्हाणीघराच्या दारावर लावू."

ते हसले. "मीटिंगला ठेवतो," म्हणाले. मीटिंग सर्वपित्री झाल्यावर आहे. तोपर्यंत मावशींना उत्तर द्यायचं नाही, असं ठरलं.